मोठी पिकअप घ्यावी की छोटी? बर्फातलं गणित आणि कुंभारीचा चिखल

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक रील पाठवलं. गुडघाभर बर्फ, त्यातून एक भलीमोठी डबल कॅब पिकअप बर्फ उडवत निघालीय. खाली त्याचा मेसेज : "दादा, ही सेकंडहँड मिळतीय. बर्फात एवढी चालते तर आपल्या रानात चालंलच की. घेऊ का?"

भाऊ राहतो कुंभारीला, सोलापूर-अक्कलकोट रोडवर. तिथे बर्फ फक्त रसवंतीत दिसतो. पण प्रश्न चुकीचा नव्हता. मागच्या वर्षी परतीच्या पावसात त्याने भाड्याने बोलावलेली पिकअप टोमॅटोचे कॅरेट भरून पाणंदीतच रुतली. रात्रभर तिथेच. सकाळी ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत लिलाव संपला होता आणि खालच्या थरातल्या कॅरेटचा लगदा झाला होता. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच आहे : स्वतःची गाडी, आणि कधीच न रुतणारी.

मी सॉफ्टवेअरवाला. गाड्या विकत नाही, दुरुस्तही करत नाही. पण मोठी गाडी चिखलात खरंच जास्त चालते का, हा प्रश्न गणिताने सोडवता येतो. तो सोडवला तेव्हा उत्तर माझ्याही अंदाजापेक्षा वेगळं आलं. तेच या लेखात सांगतो. तुमचं गाव काळ्या मातीच्या पट्ट्यात असेल आणि घरात गाडी घ्यायची चर्चा चालू असेल, तर मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून सोबत वाचा.

आधी शब्द समजून घेऊ

'मोठी पिकअप' म्हणजे नेमकी कोणती, हे देशानुसार बदलतं. अमेरिकेत फुल-साइज म्हणजे फोर्ड एफ-१५० सारखी गाडी. तिची लांबी साधारण ५.९ मीटर आणि रुंदी आरशांशिवाय २ मीटरच्या वर. तिथे 'छोटी' समजली जाणारी टोयोटा टॅकोमासुद्धा ५.४ मीटरची आहे. आपल्याकडे टोयोटा हायलक्स ५.३ मीटर लांब आहे आणि आपण तिला 'केवढी मोठी' म्हणतो.

आपल्या बाजारात मुख्यतः तीन गट आहेत.

- मिनी ट्रक : टाटा एस म्हणजे आपला 'छोटा हत्ती'. २००५ मध्ये आला. लांबी ३.८ मीटर, रुंदी १.५ मीटर, माल साधारण ७५० किलो. नवीन गाडी चार-पाच लाखांपासून.
- कामाची पिकअप : महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त यांसारख्या. मॉडेलप्रमाणे सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत माल. किंमत नऊ-दहा लाखांच्या आसपास.
- डबल कॅब फोर बाय फोर : इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स. रीलमध्ये दिसतात त्या ह्याच. नवीन घ्यायची तर पंचवीस-तीस लाखांच्या घरात.

लक्षात घ्या, तिसऱ्या गटातली गाडी दिसायला सर्वात मोठी असली तरी चार-पाच माणसं बसवायच्या केबिनमुळे तिचा हौदा आखूड असतो. कागदावर ती छोट्या हत्तीपेक्षा कमी माल नेते. भावाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

गाडी रुतते म्हणजे नेमकं काय होतं?

गाडीला पुढे ढकलणारं बल इंजिनात तयार होत असलं तरी ते जमिनीला टेकतं टायरपाशी. टायर जमिनीला जितकं धरू शकतो, तेवढंच बल कामाला येतं. यालाच ग्रिप म्हणतात आणि तिचं सूत्र सोपं आहे :

ग्रिप = फिरणाऱ्या चाकांवरचं वजन × घर्षणाचा आकडा

'फिरणारी चाकं' म्हणजे ज्यांना इंजिनाची ताकद मिळते ती. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये ती मागची दोन असतात. घर्षणाचा आकडा कोरड्या डांबरावर साधारण ०.७ ते ०.८, दाबलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि निसरड्या बर्फाच्या काचेवर ०.१ च्या आसपास असतो. ओल्या चिकण मातीवर हा आकडा ओलाव्यानुसार बदलतो. आपण हिशोबासाठी ०.२५ धरू.

दुसरीकडे चिखल गाडीला मागे धरतो. चाक खाली दबतं आणि सतत समोरचा चिखल ढकलत राहतं. डांबरावर हा विरोध गाडीच्या वजनाच्या एक-दोन टक्केच असतो. मऊ चिखलात तो दहा, पंधरा, वीस टक्क्यांवर जातो. विरोध ग्रिपपेक्षा जास्त झाला की चाक जागेवर फिरतं, म्हणजेच गाडी रुतली.

आता दोन रिकाम्या गाड्या घेऊ. हे आकडे हिशोबापुरते धरलेले आहेत.

छोटी गाडी ८५० किलोची. मागच्या चाकांवर ४० टक्के म्हणजे ३४० किलो. ग्रिप ३४० × ०.२५ = ८५ किलो. चिखलाचा विरोध १० टक्के धरला तर तोही ८५ किलो.

मोठी गाडी १७०० किलोची. मागे ६८० किलो. ग्रिप ६८० × ०.२५ = १७० किलो. १० टक्के विरोध म्हणजे १७० किलो.

दोन्ही गाड्या एकाच चिखलात, एकाच ठिकाणी अडकल्या! वजन दुप्पट झाल्याने ग्रिप दुप्पट झाली आणि विरोधही दुप्पट झाला. वजन दोन्ही बाजूंनी कटून गेलं. नुसती मोठी गाडी घेतली म्हणून चिखलातून जास्त सुटका होत नाही, हा या लेखातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा.

मग फरक कशाने पडतो?

१. किती चाकं फिरतात. त्याच छोट्या गाडीची चारही चाकं फिरली तर पूर्ण ८५० किलो कामाला येतात. ग्रिप ८५ वरून २१२ किलोवर जाते. आता चिखलाचा विरोध २५ टक्के झाला तरी गाडी निघू शकते. आकार तोच, फरक अडीच पट.

२. वजन कुठे आहे. पिकअप रिकामी असते तेव्हा इंजिन आणि ड्रायव्हर पुढे, आणि ज्या चाकांना ताकद मिळते ती मागची चाकं हलकी. म्हणून रिकामी पिकअप ओल्या रस्त्यावरही शेपटी हलवते. छोट्या गाडीत मागे ७०० किलो माल भरला की एकूण १५५० किलो होतात आणि मागच्या चाकांवर साधारण ६० टक्के वजन येतं. ग्रिप २३२ किलो, म्हणजे आता १५ टक्के विरोधापर्यंत गाडी तग धरते. अमेरिका-कॅनडात थंडीच्या दिवसांत लोक पिकअपच्या हौद्यात मागच्या चाकांवर वाळूची पोती ठेवतात, ते याचसाठी. मात्र भरलेली गाडी खोलही दबते. त्यामुळे बर्फाखाली कडक रस्ता असेल तर ही युक्ती चालते. काळ्या रानात तळच मऊ असेल तर हीच पोती गाडीला खाली बसवतात.

३. टायर आणि हवा. मालवाहू गाडीच्या टायरमध्ये ४५ पीएसआय हवा असेल तर जमिनीवर दाबही साधारण तेवढाच पडतो. एका मागच्या चाकावर ४६५ किलो असतील तर जमिनीला टेकणारा भाग येतो सुमारे १४५ चौरस सेंटिमीटर. तुमच्या हातातल्या मोबाईलपेक्षा किंचित मोठा! एवढ्याशा जागेवर सगळा खेळ असतो. मोठ्या गाडीत टायर मोठा असतो, पण जास्त मालासाठी हवाही जास्त भरतात. म्हणून जमिनीवरचा दाब कमी होतोच असं नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये मात्र १२ ते १८ पीएसआयच हवा असते, आणि टायर केवढा मोठा. ट्रॅक्टर रानात चालतो त्यामागे इंजिनाइतकंच हेही कारण आहे.

४. चाकाची उंची. इथे मात्र मोठी गाडी खरंच जिंकते. छोट्या हत्तीला १२ इंची रिम असतं, मोठ्या पिकअपला १५-१६ इंची. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि समोरचा चिखल कमी ढकलतं. जुन्या लाकडी बैलगाडीची चाकं माणसाच्या छातीला लागतील एवढी उंच का असायची, याचं उत्तर इथेच आहे. शिवाय मोठ्या गाडीचं पोट जमिनीपासून उंच राहतं. पोट एकदा चिखलावर टेकलं की चाकांवरचं वजनच कमी होतं आणि मग कुठलीच युक्ती चालत नाही.

सॉफ्टवेअर किती मदत करतं?

हा माझा प्रांत, म्हणून थोडं सविस्तर.

मागच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरेन्शियल असतं, मेकॅनिकच्या भाषेत 'कोंबडा'. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून ते लागतं. पण साध्या डिफरेन्शियलची एक खोड आहे : दोन्ही चाकांना ते सारखंच बल देतं. एक चाक चिखलात नि दुसरं मुरमावर असेल, तर चिखलातल्या चाकाला जेवढं पेलतं तेवढंच मुरमावरच्या चाकालाही मिळतं. म्हणून एक चाक गरागरा फिरतं आणि दुसरं शांत बसून राहतं. हे दृश्य गावात प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला यांत्रिक : डिफरेन्शियल लॉक. बटण दाबलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. दुसरा सॉफ्टवेअरचा : ट्रॅक्शन कंट्रोल. प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार जोरात फिरू लागलं की कंट्रोलर फक्त त्याच चाकाला ब्रेक लावतो. त्यामुळे डिफरेन्शियलला वाटतं की या चाकालाही विरोध आहे, आणि दुसऱ्या चाकाला जास्त बल मिळतं. सेकंदात कितीतरी वेळा हे चालू असतं.

पण कोड कितीही चांगला लिहिला तरी तो नवीन ग्रिप तयार करू शकत नाही. जी आहे ती योग्य चाकाकडे वळवतो, इतकंच. दोन्ही चाकं लोण्यासारख्या चिखलात असतील तर सेन्सरही काही करू शकत नाही. आणि आपल्या बजेटमधल्या मिनी ट्रकमध्ये ही सोय सहसा नसतेच.

अजून एक गैरसमज : फोर बाय फोर गाडी लवकर थांबते. नाही! ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने कोरड्या डांबरावर ब्रेक लावला तर गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. घर्षण ०.२५ असेल तर त्याच वेगाला २५ मीटर लागतात. छोटी असो की मोठी, टू व्हील असो की फोर व्हील. बर्फात फोर बाय फोर गाड्या घसरून आदळल्याचे व्हिडिओ दिसतात ते याच गैरसमजातून.

बर्फाळ मुलखात लोक काय वापरतात?

हिमाचलमध्ये बर्फ पडला की मनालीच्या वर पोलिस बऱ्याचदा फोर बाय फोर गाड्या किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. नियम पाहा : 'मोठी गाडी' असा निकष नाही. निकष आहे चार फिरणारी चाकं किंवा साखळी.

जपानचं उदाहरण तर आपल्या फारच जवळचं आहे. तिथे शेतकऱ्यांचा आवडता ट्रक म्हणजे केई ट्रक. कायद्याने लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि इंजिन ६६० सीसी यांच्या आत असावं लागतं. म्हणजे आपल्या छोट्या हत्तीपेक्षाही किंचित लहान. माल फक्त ३५० किलो. पण त्यात फोर बाय फोर मिळतं. शेतीसाठीच्या खास मॉडेलमध्ये जास्तीचा हळू गिअर आणि डिफरेन्शियल लॉकही मिळतं. उत्तर जपानच्या हिमवर्षावात आणि भातखाचरांच्या बांधावर हे ट्रक चालतात. सुबारूच्या सांबर या केई ट्रकला तर तिथे गमतीने 'शेतरस्त्यावरची पोर्शे' म्हणतात.

म्हणजे छोटी गाडी बर्फात चालत नाही, असं नाही. आपली अडचण अशी की भारतात एक टनाच्या आतल्या मिनी ट्रकमध्ये फोर बाय फोर सहसा मिळत नाही. ते हवं असेल तर टाटा योद्धा किंवा बोलेरो कॅम्परच्या फोर बाय फोर प्रकाराकडे, म्हणजे एक पायरी वर जावं लागतं. रीलमधली गाडी मोठी दिसते म्हणून आपल्याला वाटतं की आकारामुळे चालली. खरं काम फोर बाय फोर, हळू गिअर आणि थंडीच्या टायरने केलेलं असतं.

पण काळी माती म्हणजे बर्फ नव्हे

इथे रीलवरचं ज्ञान जसंच्या तसं उचलता येत नाही.

सोलापूरची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यात पाणी धरून फुगणारे चिकणमातीचे कण भरपूर असतात. पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. याचे गाडीवर तीन परिणाम होतात.

पहिला, ही माती चाकाला धरते. बर्फ टायरच्या खाचांतून झडतो. काळी माती खाचा भरून टायर गुळगुळीत करते. मग मडगार्ड आणि टायरमधली जागा भरते आणि कधीकधी चाक फिरायचंच थांबतं. म्हणून इथे रुंद, उघड्या खाचांचे टायर लागतात. बर्फासाठीचे टायर वेगळे : ते तापमान सुमारे ७ अंशांच्या खाली गेलं तरी मऊ राहणाऱ्या रबराचे असतात. सोलापूरच्या उन्हात ते लवकर झिजतील.

दुसरा, तळ लागत नाही. रस्त्यावरच्या बर्फाखाली डांबर असतं. काळ्या रानात खाली काळंच रान.

तिसरा, ती फसवते. दोन दिवस ऊन पडलं की वरून पापडी धरते, आत मात्र ओल तशीच. माणूस चालत जातो, गाडी जात नाही.

आणि यावरचा सर्वात स्वस्त उपाय आपल्या आजोबांना माहीत होता : वाफसा. वाफसा आल्याशिवाय रानात औत घालायचं नाही, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. तोच नियम गाडीला लावा. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्या, गोळा करा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. चपटा होऊन बसला तर गाडी रस्त्यावरच ठेवा.

मग आकार ठरवायचा कसा?

चिखलाचा प्रश्न बाजूला काढला की आकाराचा प्रश्न सोपा होतो. तो माल, वाट आणि पैसा या तीन गोष्टींवर ठरतो.

माल. कांद्याची पिशवी साधारण ५० किलोची धरू. ७५० किलो म्हणजे १५ पिशव्या, १७०० किलो म्हणजे ३४. सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत ६० पिशव्या न्यायच्या तर छोट्या गाडीच्या चार फेऱ्या, मोठीच्या दोन. पण असे दिवस वर्षात किती? भावाला मी महिनाभर मोबाईलच्या नोट्समध्ये रोजचा माल लिहायला लावला. बहुतेक दिवस आकडा ५०० ते ७०० किलोच निघाला.

गाडीची खरी क्षमता सेल्समनला विचारू नका, आरसीवर पाहा. एकूण भरलेलं वजन वजा रिकामं वजन, एवढाच माल. ड्रायव्हर आणि हमालाचं वजनही त्यातच धरायचं. जास्त भरलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनाला २ हजार.

वाट. पाणंदीची रुंदी सर्वात अरुंद ठिकाणी टेपने मोजा. भावाच्या वाटेत ओढ्याजवळ ती फक्त आठ फूट, म्हणजे सुमारे २.४ मीटर आहे. दीड मीटरची गाडी तिथून निवांत जाते. हायलक्स १.८५ मीटरची. दोन्ही बाजूंना एक-एक फूटसुद्धा उरत नाही आणि कडेचीच माती सर्वात भुसभुशीत असते. वळवायला जागा किती, हेही बघा. छोटा हत्ती ४.३ मीटर त्रिज्येत वळतो. मोठी गाडी बांधावर रिव्हर्स घेत बसते, आणि रुतायची सर्वात जास्त भीती तिथेच.

चढ मोजायला मोबाईल पुरतो. एक सरळ फळी उतारावर ठेवा, त्यावर मोबाईलमधलं लेव्हल अ‍ॅप. ६ अंश म्हणजे साधारण १० टक्के चढ. वरच्या गणितात चिखलाचा विरोध आणि हा चढ यांची बेरीज करायची. चिखल १० टक्के आणि चढ १० टक्के म्हणजे २०. टू व्हील गाडी तिथे भरलेली असली तरी चढणार नाही.

पैसा. १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी कर्ज घेतलं तर प्रत्येक लाखाला महिन्याला साधारण २,१२५ रुपये हप्ता पडतो. पाच लाख जास्तीची गाडी म्हणजे महिन्याला १०,६०० रुपये जास्त, गाडी दारात उभी असली तरी. रुतण्याचे दिवस मोजा आणि त्याने भागून पाहा. भावाच्या नोंदीत पावसाळ्यात वाट बंद असलेले दिवस ३५ होते. वर्षाचे उरलेले ३३० दिवस गाडी डांबरावर आणि मुरमावरच चालणार.

कागदपत्रांचंही पाहून घ्या. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यावर लागतं. फिटनेस आणि विमा दोन्हींना लागतो. लायसन्सची मात्र चिंता नको. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि पांढऱ्या पाटीची खासगी डबल कॅब घेऊन भाड्याने माल वाहता येत नाही, हे भावाला माहीतच नव्हतं.

भावाने काय ठरवलं?

त्याच्यासाठी भाड्याचा मुद्दा मोठा होता. कुंभारीत २००६ पासून विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. जवळच्या रे नगरमधली १५ हजारांवर घरं जानेवारी २०२४ मध्ये असंघटित कामगारांना मिळाली. कपाट, गादी, शिलाई मशीन, पाण्याचे जार, किराणा. सोलापूर ते कुंभारी अशी छोटी भाडी वर्षभर चालू असतात. घरांच्या गल्लीत घुसायला छोटी गाडीच बरी.

त्याने डबल कॅबचा नाद सोडला. छोटी गाडी घ्यायचं ठरलं, मागे रुंद खाचांच्या टायरसह. चिखलाचे ३५ दिवस गाडी पाणंदीत घालायचीच नाही. रानातून माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने डांबरी रस्त्यापर्यंत आणायचा आणि तिथे गाडीत भरायचा. त्यासाठी रस्त्याच्या कडेला स्वतःच्या जागेत दोन ट्रॉली मुरूम टाकून गाडी उभी राहील एवढी जागा केली. कांद्याच्या दोन आठवड्यांत मोठी पिकअप भाड्याने. पाणंदीसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत अर्ज करायचं शेजारच्या चार शेतकऱ्यांशी बोलून ठेवलंय.

तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. रोज दीड टन माल आणि रुंद मुरमी रस्ता असेल तर बोलेरो पिकअपसारखी गाडीच परवडेल. दूध किंवा रुग्ण नेण्यासाठी पावसातही वाट चुकवता येत नसेल तर फोर बाय फोरवर खर्च करणं चूक नाही. पण मग पैसे 'मोठी' गाडीसाठी नको, चार फिरणारी चाकं, हळू गिअर आणि डिफरेन्शियल लॉक यांसाठी मोजा.

आणि तरीही रुतली तर?

- अ‍ॅक्सिलरेटर सोडा. चाक जितकं फिरेल तितका खड्डा खोल होतो.
- फिरणाऱ्या चाकापुढची माती खोऱ्याने काढा. तुराट्या, पाचट किंवा मुरूम टाका.
- गाडी रिकामी असेल तर मागच्या टायरची हवा ४५ वरून ३० पीएसआयपर्यंत उतरवून पाहा. टेकणारी जागा जवळपास दीडपट होते. डांबरावर जाण्याआधी हवा परत भरायचीच.
- चाकाच्या मागे किंवा ओढायच्या दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. तुटलेला दोर जीव घेतो.
- छोटी गाडी चार माणसं ढकलून काढतात. मोठीला ट्रॅक्टरच लागतो.

शेवटी एक काम सांगतो. गाडी बघायला शोरूममध्ये जाण्याआधी, चांगला पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, घरापासून रानापर्यंत चालत जा. मोबाईलवर व्हिडिओ काढा, अरुंद जागा मोजा, चढ मोजा. भावाने हे केलं तेव्हा त्याची चप्पल दोन ठिकाणी रुतली. मला त्याने मेसेज केला, "दादा, इथं कुठलीच गाडी नको." टोमॅटोचे कॅरेट जिथे सडले होते, ती त्यातलीच एक जागा होती.